लायब्ररी-आर्काइव्हचं डिस्टन्स पीजी घेताय? फी भरायच्या आधी हे वाचा

नोकरी सांभाळून घरबसल्या मास्टर्स, लायब्ररी सायन्स आणि आर्काइव्ह (म्हणजे जुन्या कागदपत्रांचं जतन) दोन्ही एकाच डिग्रीत, अशी जाहिरात होती. फी भरली, डिग्री हातात आली आणि आता ती कुठेच चालत नाहीये.

माहितीपत्रकावर इफ्लाचा भलामोठा लोगो, खाली ‘आंतरराष्ट्रीय सदस्य’. फोनवर सरळ विचारलं, कोर्सला मान्यता कुणाची? तर ॲडमिशनवाल्या मॅडम म्हणतात, "अहो सर, इफ्ला आहे ना, त्याच्यावर अजून काय पाहिजे!" आता इफ्ला ही 1927 पासूनची ग्रंथालयांची जागतिक संघटना, वर्गणी भरून संस्था तिच्या मेंबर होतात, कोर्स तपासून मान्यता देणं हे तिचं कामच नाही. आर्काइव्हवाल्यांची जागतिक संघटना आयसीए, तिचंही तेच. मान्यता देणारे वेगळे असतात, अमेरिका-कॅनडात एएलए (अमेरिकन लायब्ररी असोसिएशन), ब्रिटनमध्ये लायब्ररीसाठी सिलिप आणि आर्काइव्हसाठी एआरए, भारतात डिस्टन्सचं सगळं यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोकडे. आणि तिथेही नुसतं विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, यादीत तोच कोर्स आणि तुमचंच सत्र पाहिजे. एएलएसुद्धा मान्यता देते ती ठराविक कोर्सला, अख्ख्या विद्यापीठाला नाही.

स्टडी मटेरियल म्हणजे वाकड्यातिकड्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. पुस्तकांचं विषयवार वर्गीकरण करायची जी ड्युई पद्धत, तिची 19वी आवृत्ती, म्हणजे 1979 ची! 23वी येऊनसुद्धा जमाना झाला, 2011 ला आली ती. कॅटलॉगिंगमध्ये कार्ड कसं टाइप करायचं ते पानंच्या पानं, संगणकावर पुस्तकांच्या नोंदी करायचा फॉरमॅट मार्क, त्याचा पत्ता नाही, कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर कुणी उघडूनही दाखवलं नाही. आर्काइव्हचा पेपर तर कहरच. आयसॅड-जी म्हणजे खरं तर कागदपत्रांचं वर्णन कसं करायचं त्याचं स्टँडर्ड, आधी अख्खा संग्रह, मग सिरीज, मग फाइल, मग एकेक कागद असं वरून खाली येत जायचं. यांच्या नोट्समध्ये काय, तर ‘प्रकाशनावर छापायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक’. आयएसबीएनची व्याख्या उचलून इथे चिकटवलेली! मेल करून विचारलं तर उत्तर आलं, परीक्षेत नोट्सप्रमाणेच लिहा.

आर्काइव्हचं काम जुन्या कागदांना हात लावल्याशिवाय येत नाही हो, म्हणून प्लेसमेंटसाठी, म्हणजे एखाद्या आर्काइव्हमध्ये प्रत्यक्ष काम शिकायला मिळावं म्हणून, मी मागेच लागलो होतो. शेवटी कुरिअरने प्लेसमेंट केल्याचं सर्टिफिकेटच आलं. सही-शिक्का तयार, संस्थेचं नाव आणि तारखांची जागा कोरी, सोबत चिठ्ठी की ‘आपल्या सोयीने भरून घ्यावे’. मी ते भरलं नाही, तसंच ठेवलंय.

नोकरीच्या ठिकाणी कागदपत्रं तपासताना मान्यतेचं पत्र मागितलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. फी परत मागितली तर म्हणे, डिग्री दिली की तुम्हाला, मग परत कशाची?

ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. मधल्या काळात यांच्या वेबसाइटवरून तो लोगो गुपचूप गायब झालाय, नशीब माहितीपत्रकाची पीडीएफ आणि मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज माझ्याकडे आहेत. तुमचं अजून ॲडमिशन चालू असेल तर चॅट, पावत्या, जाहिरातीचे स्क्रीनशॉट काही डिलीट करू नका, आणि प्लेसमेंट नेमकी कुठल्या आर्काइव्हमध्ये ते लेखी मागा.