कंपनीत येऊन नर्व्ह टेस्ट करून देणारी सर्व्हिस: मशीन झकास, काम मात्र उरकल्यासारखं

आमच्याकडे हेल्थ चेकअपचं सगळं माझ्याच गळ्यात असतं, त्यामुळे यावेळी पॅकेजमध्ये नर्व्ह टेस्ट पण घेतली तेव्हा शेजारी खुर्ची टाकून सगळा प्रकार नीट बघता आला. वेंडरचं नाव मुद्दाम टाकत नाही, त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे.

आधी चांगलं सांगतो. वेळेवर आले, मशीन नवं होतं, टेक्निशियन पोरगा बोलायला एकदम छान. प्रत्येकाला आधी विचारत होता पेसमेकर वगैरे आहे का, शॉक बसेल पण घाबरू नका म्हणून सांगत होता. टेस्ट तशी साधीच, बोटांना रिंगा अडकवायच्या, मनगटाशी छोटा करंट द्यायचा आणि तो सिग्नल बोटापर्यंत किंवा अंगठ्याच्या स्नायूपर्यंत किती मिलीसेकंदात पोचला ते बघायचं. चटका बसल्यासारखं होतं, बास. एका ग्राइंडरवाल्याने तर हसत हसत अजून एक द्या म्हटलं.

आता घोडं कुठे पेंड खातं ते बघा. टेस्ट लावली कॉन्फरन्स रूममध्ये, एसी फुल, आणि लोक शॉपफ्लोअरवरून हात धुऊन थेट आत येतायत. हात बर्फासारखे गार. आणि नस गार पडली की सिग्नल हळू जातो, यात नस खराब असण्याचा काही संबंध नाही. साधारण एक डिग्रीला 0.2 मिलीसेकंदाचा फरक पडतो. म्हणजे हात 32 डिग्रीऐवजी 28 ला असेल तर 0.8 मिलीसेकंद फुकटात वाढले. मनगट ते अंगठ्याच्या स्नायूची नॉर्मल लिमिट बऱ्याच लॅबमध्ये साडेचारच्या आतबाहेर असते, तर ज्याचा खरा आकडा 3.8 आहे त्याचा दिसणार 4.6 आणि रिपोर्टवर छापून येणार माइल्ड कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबल्याचा आजार. टेस्ट करताना हाताची कातडी निदान 32 डिग्री पाहिजे असं लॅबवालेच सांगतात, ह्यांच्या बॅगेत टेंपरेचरचा प्रोब पण होता पण तो शेवटपर्यंत बाहेर आलाच नाही. विचारलं तर म्हणे सर रांग मोठी आहे.

रिपोर्ट आले आणि नको तेच झालं. ज्यांना कधी साधी मुंगी आली नाही त्यांच्या पण नावापुढे कार्पल टनेल. असेंब्लीतला एक जण कागद घेऊन माझ्याकडे आला, साहेब ऑपरेशन करावं लागेल का, आणि मग हळूच, लाइनवरून काढणार नाही ना. मी त्याचा रिपोर्ट नीट बघितला तर अंगठ्याकडे जाणाऱ्या मीडियन नर्व्हबरोबर करंगळीकडे जाणारी अल्नर नर्व्ह पण तेवढीच स्लो. कार्पल टनेलमध्ये मनगटाच्या बोगद्यात दबते ती मीडियन, अल्नर त्या बोगद्यातून जातच नाही. दोन्ही सारख्याच मंद असतील तर आधी हात गार होता का ते विचारा ना राव! मग त्यांना परत बोलावलं, याचा हात कोमट पाण्यात ठेवायला लावला, नीट पुसला, प्रोब लावला, आणि 4.7 चे 3.8 झाले. तोच हात, तेच मशीन, तोच टेक्निशियन.

अंतराची पण तीच गत. मनगटापासून बोटापर्यंत टेप लावून मोजतात आणि त्यावरून स्पीड काढतात. 10 सेंटीमीटरला 2 मिलीसेकंद म्हणजे सेकंदाला 50 मीटर. टेप एक सेंटीमीटर सरकली, 11 धरले, की लगेच 55. इथे टेप हवेतच धरून चाललेलं होतं सगळं.

अजून एक भानगड फार कोणी सांगत नाही. नॉर्मलची रेषा अशी आखलेली असते की धडधाकट लोकांमधले पण अडीच टक्के बाहेर पडणारच. मग एकाच माणसावर दहा वेगवेगळी मापं घेतली आणि त्यातलं एक जरी बाहेर गेलं तरी लाल शेरा मारायचा म्हटलं, तर मापं एकमेकांशी निगडित नाहीत असं धरून हिशोब जवळपास 22 टक्क्यांवर जातो. 1999 मध्ये स्वीडनमधला एक मोठा अभ्यास आला होता, त्यात काहीच त्रास नसलेल्या लोकांपैकी साधारण 18 टक्क्यांची टेस्ट मनगटात मीडियन स्लो दाखवत होती. म्हणून लक्षणं न विचारता नुसत्या आकड्यावर शेरा मारणं म्हणजे निव्वळ पाट्या टाकणं. यांच्या फॉर्मवर रात्री हात झोपतो का, कुठली बोटं बधिर होतात, काही म्हणजे काही विचारलेलं नव्हतं.

याच्या उलट पण होतं बरं का. आमच्या पेंट सेक्शनमधल्या एकाच्या तळपायांची आग होते, त्याचा रिपोर्ट एकदम क्लीन. ही टेस्ट फक्त जाड आणि फास्ट नसा बघते, आग आणि चटके सांगणाऱ्या बारीक नसा तिच्या कक्षेतच येत नाहीत. त्याला मी सांगितलं क्लीन रिपोर्ट खिशात घालून गप्प बसू नको, न्यूरोलॉजिस्टला दाखव आणि कुठल्या सॉल्व्हंटवर काम करतोस ते पण सांग, कारण एन-हेक्झेनसारख्या सॉल्व्हंटने नसा खराब होतात हे जुनंच माहिती आहे.

दरवर्षी करून तुलना करा, असं वेंडरचं सेल्सवालं माणूस म्हणत होतं. करा की, पण सिग्नलची उंची, म्हणजे अँप्लिट्यूड, इलेक्ट्रोड जरासा सरकला तरी बदलते, तिच्यावरून यंदा घसरलं म्हणून बोंब मारण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा एफ वेव्हची लेटन्सी, म्हणजे सिग्नल मणक्यापर्यंत जाऊन परत स्नायूत यायला लागणारा वेळ, परत परत केली तरी बऱ्यापैकी तीच येते. आणि कार्पल टनेलसाठी एकाच हातात मीडियन विरुद्ध अल्नर, अनामिकेत वगैरे, अशी तुलना केली तर गार हाताचा घोळ पण बराचसा कटतो. असे दोन-तीन फरक एकत्र बेरीज करून बघायची पद्धत आहे, ती एकट्यादुकट्या आकड्यापेक्षा जास्त भरवशाची. यांच्या मशीनमध्ये ते ऑप्शन होतं, मी स्क्रीनवर बघितलं, वापरलं नाही.

ट्यूनिंग फोर्कवाल्या, म्हणजे थरथरणारा काटा हाडावर टेकवून घ्यायच्या व्हायब्रेशन टेस्टबद्दल काय लिहू. कंपन थांबलं की सांगा म्हणायचं आणि बाजूला कंप्रेसर चालू. माणूस अंदाजाने हो म्हणणार, दुसरं काय करणार.

पाचपैकी दोन. मशीनला अजून एक दिला असता पण मशीन काय आपोआप हात गरम करत नाही. पुढच्या ऑर्डरमध्ये मी लिहून घेणार आहे की एसी बंद, प्रत्येकाच्या रिपोर्टवर हाताचं तापमान आणि मोजलेलं अंतर छापलेलं पाहिजे, लक्षणांचा फॉर्म आधी भरून घ्यायचा, आणि शेरा टेक्निशियनने नाही तर डॉक्टरने वेव्ह बघून सही करून द्यायचा. वेंडर म्हणतोय मग एका दिवसात निम्मेच लोक होतील. होऊ देत.