फवारणीचं सुरक्षा किट: कपाशीचा अख्खा हंगाम वापरल्यावर

जुलै ते नोव्हेंबर, सहा फवारण्या, 16 लिटरचा बॅटरी पंप. किटमध्ये गाऊन, टोपी, गॉगल, हातमोजे आणि मास्क.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी (कपाशीचं झाड) माणसाच्या उंचीला गेली होती, नोझल वर धरून मारावं लागत होतं. म्हणून किट पारखायचं ते गुडघ्याएवढ्या पिकात नाही, छातीच्या वर गेलेल्या पऱ्हाटीत.

तिथे गाऊन नापास. ओल्या ओळीत शिरलं की अर्ध्या तासात मांड्यांवर चिकटतो, मग औषध कातडीलाच लागून राहतं. वर सप्टेंबरच्या उन्हात जीव गुदमरतो आणि माणूस तो काढूनच टाकतो. त्यापेक्षा जाड सुती फुलबाह्यांचा शर्ट, फुलपँट आणि पुढून कमरेपासून नडगीपर्यंत बांधलेला प्लास्टिकचा जाड कागद बरा. गमबूट घातले तर पँट बुटाच्या बाहेरून सोडायची. आत खोचली तर ओघळ थेट पायात उतरतो.

खरा पैसा हातमोज्यांवर घालावा. सगळ्यात जास्त विष अंगात जातं ते कातडीतून, आणि सगळ्यात तीव्र औषध हाताला लागतं ते बाटली ओतताना, पाणी मिसळण्याआधी. किटमधले पातळ मोजे दुसऱ्याच फवारणीला बोटांच्या बेचक्यात फाटले. नंतर घेतलेले नायट्राइलचे (एक कृत्रिम रबर), कोपराच्या अलीकडे येणारे, आतून अस्तर नसलेले मोजे हंगामभर टिकले. अस्तर एकदा औषध प्यालं की धुऊनही जात नाही. रोज मोज्यात पाणी भरून तोंड पिळायचं आणि बेचक्याजवळ बघायचं. सुईएवढा थेंब दिसला तरी जोडी बाद. वर फवारायचं असेल तर मोजा बाहीच्या बाहेरून घालून त्याची कड उलटी दुमडायची, म्हणजे हातावरून येणारा ओघळ तिथेच अडतो. खाली मारताना उलट, बाही मोज्यावर. काढण्याआधी हातातच साबणाने धुवायचे.

किटमधला कापडी मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज (औषधाची वाफ शोषणारी डबी) आणि पुढे फवाऱ्याचं धुकं अडवणारं फिल्टर असलेला, नाक-तोंड झाकणारा अर्धमुखी मास्क वेगळा घ्यावा लागला. काम संपलं की कार्ट्रिज घट्ट बंद पिशवीत ठेवायचं, नाहीतर ते घरातल्या हवेतच संपत जातं. आत वास आला की त्याच दिवशी बदलायचं. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते.

गॉगल ठीक आहे, पण घामाने धुकं धरतो.

किटमध्ये नसलेली दोन कामं तितकीच मोलाची. पंपाच्या झाकणाचा वायसर झिजला की वाकल्यावर पाठ भिजते आणि लक्षातही येत नाही. तो दर हंगामाला नवा टाका. आणि मात्रा: पुष्कळ शिफारशी 10 लिटर पाण्यासाठीच्या असतात. 20 मिली लिहिलं असेल तर या 16 लिटरच्या टाकीला 32 मिली, झाकणाने अंदाज नको. नोझल तुंबलं तर जुना ब्रश वापरा, तोंडाने फुंकू नका.

बाटलीवरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मळमळ, तोंडाला लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या की फवारणी थांबवून कपडे काढायचे, अंग साबणाने धुवायचं, 108 ला फोन करायचा आणि तो फोटो डॉक्टरांना दाखवायचा. उतारा औषधाच्या गटानुसार बदलतो, आणि दोन-तीन औषधं मिसळली असतील तर प्रत्येकाचं लेबल लागतं.