जुन्या हॅचबॅकचा गोव्यातील पावसाळ्यानंतरचा अनुभव : मुख्यतः हँडब्रेकविषयी

या गाडीच्या इंजिनाविषयी, मायलेजविषयी आणि डिकीतल्या जागेविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम ब्रेक आणि दोन सीटांच्या मध्ये ओढायचा हँडब्रेक ही रचनाही वाचकांना ठाऊक असणार. मी ही गाडी जुनी घेतली, फोंड्याला आणली आणि पूर्ण पावसाळा धरून ती रोज चालवली. एसी मे महिन्यातही पुरतो, क्लच हलका आहे, मागे तिघे बसले की अडचण होते. यापलीकडे तक्रार नाही. हँडब्रेकविषयी मात्र सविस्तर लिहावे लागेल, कारण माझा सर्वांत जास्त वेळ आणि संताप त्यानेच खर्च केला.

आधीच्या मालकांची समजूत अशी होती की हँडब्रेक जितका कमी ओढावा तितकी केबल अधिक टिकते. ते गाडी गिअरमध्ये टाकून उतरत आणि गाडी दाखवताना ही गोष्ट त्यांनी निगुतीचे लक्षण म्हणून सांगितली. प्रत्यक्षात केबल म्हणजे हँडब्रेकचा लीव्हर मागच्या चाकांच्या ब्रेकांना जोडणारी, आवरणातून सरकणारी पोलादी तार असते. ती रोज सरकली तर मोकळी राहते. महिनोन्‌महिने एकाच जागी पडून राहिली तर मागच्या चाकाजवळच्या वळणात, जिथे रबरी टोपणाला चीर गेलेली असते तिथे, पाणी आणि चिखल शिरून ती आतल्या आत गंजते. ज्या प्रदेशात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, रस्त्यावर जांभ्याची तांबडी माती उडते आणि किनाऱ्याकडे गेले की हवाच खारी असते, तिथे अशा तारेचे काय होणार हे सांगायला नको.

गाडी आली तेव्हा लीव्हर जवळजवळ उभा होईपर्यंत ओढावा लागे. बहुतेक छोट्या गाड्यांत पाच ते आठ खटक्यांत चाक धरले गेले पाहिजे. इथे त्याहून बरेच खटके होऊनही पणजीला आल्तिनोच्या चढावर गाडी मागे सरकायची. सर्व्हिस सेंटरने गाडी घेतली आणि संध्याकाळी परत दिली तेव्हा लीव्हर तिसऱ्या खटक्यालाच घट्ट झाला होता. मी खूष झालो. दोन दिवसांनी म्हापशाहून परतल्यावर मागच्या डाव्या चाकाजवळ जळकट वास आला, रिमजवळ हात नेला तर हात धरवेना, आणि उजवे चाक मात्र जेमतेम कोमट होते.

झाले होते ते असे. त्यांनी ड्रम, म्हणजे मागच्या चाकांबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या डब्या, उघडलेच नव्हते. लीव्हरखालचा नट आवळून केबल ताणून दिली होती. खरा क्रम उलटा आहे. आधी ड्रम काढून शू, म्हणजे ड्रमला आतून दाबून चाक धरणाऱ्या पट्ट्या, किती झिजले ते पाहायचे, आतला ॲडजस्टर मोकळा करून शू आणि ड्रम यांतले अंतर नीट करायचे, आणि केबलच्या नटाला हात शेवटी लावायचा. काही गाड्यांत हा ॲडजस्टर हँडब्रेक ओढल्यावरच पुढे सरकतो, त्यामुळे हँडब्रेक न वापरणाऱ्याच्या गाडीत अंतर वाढतच राहते. तक्रार घेऊन गेलो तेव्हा दोन्ही केबली, शू आणि ड्रम असा सगळा संच बदलण्याचे सुमारे 9,500 रुपयांचे अंदाजपत्रक हातात पडले, आणि ‘शू किती मिलिमीटर उरले आहेत’ या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. ड्रम न उघडता तो बदलायचे ठरवणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तरी मी बराच वेळ घातला.

शेवटी फोंड्यातल्या एका मेस्तांकडे (मेकॅनिककडे) गेलो. त्यांनी माझ्यासमोर ड्रम काढले, डावी केबल सुटी करून आतली तार पकडीने ओढली. ती मोठ्या कष्टाने बोटभर आली आणि परत गेलीच नाही. आवरणाच्या तोंडातून तपकिरी भुकटी पडली. तारच मागे जात नसल्यामुळे शू ड्रमला घासत राहत होता. शू आणि ड्रम दोन्ही चांगले निघाले. डावी केबल नवी, ॲडजस्टर साफ, मजुरीसह खर्च 2,500 रुपयांच्या आत.

तेव्हापासून सपाटीवरसुद्धा मी हँडब्रेक ओढतो. पायाने ब्रेक दाबून धरायचा, गिअर न्यूट्रलला घ्यायचा, हँडब्रेक ओढायचा, मग पाय सोडून गाडी हँडब्रेकवर स्थिरावू द्यायची आणि इंजिन बंद केल्यावर गिअर टाकायचा. चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर असेल तर रिव्हर्स. या क्रमाने गाडीचे वजन गिअरबॉक्सवर येत नाही. रायबंदरहून चोडणला जाताना फेरीबोटीतही मी हाच क्रम पाळतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 प्रमाणेही चालक गाडी सोडून जाताना इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असावा किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असावी, अशी अपेक्षा आहे.

जुलैपर्यंत माझे मत ‘नेहमी ओढावा’ असे सरळ होते. चतुर्थीला गाडी दारात ठेवून आम्ही बसने गावी गेलो, परतल्यावर लीव्हर खाली केला तरी गाडी जागची हलेना. ओले शू आणि ड्रम गंजाने एकमेकांना चिकटले होते. इंजिन न रेटता हलकेच पहिला आणि रिव्हर्स आलटून पालटून टाकल्यावर मागून ‘टक्’ असा आवाज आला आणि चाक सुटले. म्हणून आता मत असे आहे : रोज फिरणाऱ्या गाडीला हँडब्रेक रोज हवा, पण भर पावसात गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर ती सपाट जागी, गिअरमध्ये, चाकाला पुढे-मागे लाकडी ठोकळे लावून, हँडब्रेक सोडून ठेवावी. पाण्यातून किंवा धुऊन आणलेली गाडी उभी करण्याआधी थोडे अंतर हलका ब्रेक दाबत चालवली तर ड्रम वाळतात. ज्यांनी हे वाचून लगेच हँडब्रेक वापरणेच सोडायचे ठरवले असेल त्यांनी वरचा केबलचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

मध्यंतरी शोरूममध्ये बटणाचा हँडब्रेक असलेली नवी गाडी पाहिली. डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरवर मोटर बसवलेली असते, त्यामुळे मागचे पॅड बदलतानाही ती आधी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे पकड मागे घेतलेल्या स्थितीत, न्यावी लागते, आणि बॅटरी उतरली तर ब्रेक सोडवणे हा वेगळाच उद्योग होतो. चढावर आपोआप धरून ठेवण्याची सोय मला आवडली, किंमत आवडली नाही. माझ्या गाडीची उजवी केबल अजून मूळचीच आहे आणि मोकळी चालते, पण तिच्या टोपणालाही बारीक चीर दिसू लागली आहे. तेवढे टोपण मे महिन्यात बदलून घेणार आहे, आणि या वेळी सर्व्हिस सेंटरला विचारणार नाही.