१/७२ की १/४८? विमानाचं पहिलं किट घेण्याआधी

विमानाचं प्लास्टिक किट विकत घेताना नजर आधी खोक्यावरच्या चित्रावर जाते. ढगांतून सूर मारणारं स्पिटफायर (दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान), खाली पेटलेलं काहीतरी. मग किंमत. कोपऱ्यातला १/७२ किंवा १/४८ हा आकडा, म्हणजे स्केल (मॉडेल खऱ्या विमानाच्या कितव्या भागाइतकं आहे ते माप), बहुतेकांना खोकं घरी आल्यावरच दिसतो, आणि खरं तर तोच आधी ठरवायला हवा. आवडती विमानं बदलत राहतात, पण स्केल एकदा धरली की सहसा सुटत नाही. १/४८चं मिग-२१ आणि १/७२चं सुखोई-३० शेजारी ठेवून बघा: दोन्ही जवळपास सारख्याच लांबीची दिसतात. प्रत्यक्षात सुखोईपुढे मिग म्हणजे धाकटं भावंड. एकाच कपाटात दोन स्केल आल्या की हा घोटाळा होतो.

१/७२ म्हणजे खऱ्या विमानाचे ६ फूट हातात १ इंच. ब्रिटनमध्ये फ्रॉग कंपनीची 'पेंग्विन' किटमालिका १९३६ साली याच मापात आली. दुसऱ्या महायुद्धात आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं हे ओळखायला शिकवण्यासाठी याच मापाची काळी मॉडेलं वापरली गेली, आणि १९५३ साली एअरफिक्स या किट बनवणाऱ्या कंपनीचं पहिलं स्पिटफायर आलं तेही १/७२मध्येच. १/४८ म्हणजे फुटाला पाव इंच, घरांचे नकाशे काढणाऱ्यांच्या ओळखीचं माप. जग मेट्रिक झालं, हा छंद मात्र अजून फूट-इंचांतच अडकलाय.

आकाराचा अंदाज यावा म्हणून पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची मापं, सेंटिमीटरमध्ये:

| विमान | १/७२ | १/४८ |
|---|---|---|
| नॅट (एक बैठकीचं) | ९.३ | १४ |
| मिग-२१ | ९.९ | १४.९ |
| स्पिटफायर | १५.६ | २३.४ |
| सुखोई-३० | २०.४ | ३०.६ |
| लँकेस्टर बॉम्बर | ४३.२ | ६४.८ |

कागदावर हा फरक दीडपटच आहे. पण विमान शेल्फवर लांबी आणि रुंदी दोन्ही अडवतं, म्हणजे जागा सव्वादोनपट लागते. रंगही सव्वादोनपट. ज्या जागेत १/७२ची नऊ विमानं बसतात तिथे १/४८ची चारच मावतील. दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, जिथे शोकेसमधला एक कप्पा मिळवायलाही घरात तह करावा लागतो, तिथे हे गणित साधं नाही. जेट विमानांत तर लांबी आणखी छळते. सुखोई १/४८मध्ये सुमारे ४६ सेंटिमीटर लांब होतं आणि आपल्याकडच्या कपाटाची खोली साधारण फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर.

लहान किट नवशिक्याला सोपं, मोठं अवघड, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच खरं वाटतं. छोट्या किटमध्ये भाग कमी असतात आणि काम लवकर संपतं, हे बरोबर. पण भाग छोटेही असतात. १/७२मध्ये वैमानिक जेमतेम २.४ सेंटिमीटरचा, १/४८मध्ये ३.६चा. मिगच्या नाकावरची पिटो ट्यूब (वेग मोजण्यासाठीची बारीक नळी) १/७२मध्ये शिवणाच्या सुईइतकी. ती चिमट्यातून उडते, फरशीवर कुठेतरी टिक् असा आवाज येतो, आणि दुसऱ्या दिवशी झाडूबरोबर बाहेर जाते. माझ्या अशा दोन गेल्यात. एक इंजेक्शनच्या सुईची केली. दुसरी स्प्रूची, म्हणजे भाग ज्या चौकटीला चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या काडीची. ती मेणबत्तीवर मऊ करून हलकेच ओढली की केसासारखी तार निघते. हे शिकायला मजा येते, पण पहिल्याच किटला नको. आणि ज्यांना चाळिशी लागली आहे त्यांनी १/७२च्या कॉकपिटचा विचार भिंगाच्या खर्चासकट करावा.

कॉकपिट हा १/४८चा हुकमाचा एक्का. पट्टे, बटणांचे फलक, नियंत्रणाची दांडी हे सगळं ब्रशने रंगवता येतं आणि रंगवल्यावर दिसतंही. एड्युआर्डसारख्या चेक कंपनीच्या काही किटांमध्ये रंगवून आलेले पितळी पत्र्याचे फलक मिळतात. १/७२मध्ये तेवढीच मेहनत केलीत तरी कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरची पारदर्शक काच, चिकटवल्यावर आत काय आहे ते फक्त तुम्हाला माहीत असतं. (कॅनोपी फेव्हिक्विकने चिकटवू नका, वाफेने काच आतून पांढुरकी होते. तिथे फेव्हिकॉलच बरा. बाकी भागांना मात्र फेव्हिकॉल चालत नाही. प्लास्टिक विरघळवून जोडणारा पातळ सिमेंट लागतो.)

पृष्ठभागावरच्या रेषांचंही तसंच. पत्र्यांच्या सांध्यांसाठी किटवर कोरलेली रेषा ०.२ मिलिमीटरची धरली, तर १/७२मध्ये ती खऱ्या विमानावर दीड सेंटिमीटर रुंद फट होते, १/४८मध्ये एक सेंटिमीटरच्या आत. त्यामुळे छोट्या मॉडेलवर या रेषा गडद केल्या की विमान फरशी बसवल्यासारखं दिसतं. उलट, ब्रशने जाड रंग दिला तर त्याच रेषा १/७२मध्ये आधी बुजतात.

मोठ्या स्केलची बाजू इथे संपते, कारण मोठा पृष्ठभाग चुका लपवत नाही. दोन अर्ध्या भागांचा सांधा पुट्टीने भरून पॉलिश पेपरने घासला नाही, तर १/४८मध्ये तो खोलीच्या दारातून दिसतो. सलग करड्या रंगाच्या पंखावर ब्रशचे फराटे उठतात. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) आणि त्याचा कॉम्प्रेसर घेण्याची इच्छा बहुतेकांना १/४८च्या दुसऱ्या-तिसऱ्या विमानाला होते, आणि खर्च खरा तिथे वाढतो. १/७२ ब्रशवर वर्षानुवर्षं निभावता येतं. फक्त रंग पातळ करून दोन-तीन हात द्यायचे. स्प्रे कॅनने लॅकर मारणार असाल तर आपला पावसाळा लक्षात ठेवा. दमट हवेत वार्निशवर पांढरा धूर बसल्यासारखा थर येतो आणि महिन्याभराचं काम एका संध्याकाळी जातं.

किटच्या किमतीवर मी फार अडणार नाही. त्याच विमानाचं, त्याच दर्जाचं १/४८ किट बहुधा दीड ते दुप्पट महाग असतं. पण कटर, चिमटा, सिमेंट, पॉलिश पेपर, ब्रश आणि पाच-सहा बाटल्या रंग हा सुरुवातीचा खर्च दोन्हीकडे सारखाच, आणि पहिल्या वेळी तोच जड जातो. रंग, गोंद, ब्रश आत असलेले एअरफिक्सचे स्टार्टर सेट बहुतांशी १/७२मध्ये येतात. दहा वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, तोच घ्या.

स्केलइतकंच एक जास्तीचं बघायला हवं: साचा कधीचा आहे. कंपन्या साठ-सत्तरच्या दशकातले साचे नव्या चकचकीत खोक्यात पुन्हा विकतात. खोक्यावरचं साल नवं, आत उठावदार रेषांचं, फटी असलेलं प्लास्टिक. 'स्केलमेट्स' या संकेतस्थळावर किटचा क्रमांक टाकला की साच्याची वंशावळ दिसते. जुन्या साच्यापुढे नवशिक्या हरतो आणि दोष स्वतःच्या हातांना देतो.

आता खरा प्रश्न: तुम्हाला काय बनवायचंय?

एकच विमान, मनापासून आवडलेलं, टेबलावर ठेवायचं असेल तर १/४८. निवड लहान विमानाची करा: टामिया या जपानी कंपनीचं स्पिटफायर किंवा झीरो हे जपानी लढाऊ विमान. भाग नेमके बसतात, सूचना चित्रांतून आहेत, आणि छद्मावरणाच्या (कॅमोफ्लाजच्या) रंगात ब्रशचे फराटे खपतात. पहिल्या वेळी चंदेरी धातूचं मिग-२१ घेऊ नका. चंदेरी रंगाखाली पॉलिश पेपरचा एकेक ओरखडा उठून दिसतो.

भारतीय हवाई दलाची रांग लावायची असेल तर १/७२, यात मला शंका नाही. १९४७च्या ऑक्टोबरात श्रीनगरला सैन्य उतरवणारं डाकोटा हे मालवाहू विमान १/४८मध्ये साठ सेंटिमीटरचं होतं. ते आणि कॅनबेरा, मग हंटर, नॅट, नाशिकजवळ ओझरला जुळणी झालेली मिग आणि सुखोई, हे सगळं एका भिंतीवर फक्त लहान मापात मावतं. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आणि सी हॅरियर पाहून ज्यांना हा नाद लागतो, त्यांनाही हेच सांगेन.

या वाटेवर एक खड्डा आहे. नॅटचं सहज मिळणारं १/७२ किट रेड ॲरोज या ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकाच्या लाल रंगातलं, दोन बैठकींच्या टी.१ प्रशिक्षण विमानाचं असतं. १४ डिसेंबर १९७१ला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों ज्यात उडाले ते एक बैठकीचं, वेगळ्या नाकाचं. खोक्यावर नुसतं 'नॅट' वाचून मागवलंत तर हवाई दलाच्या तिरंगी वर्तुळाची डेकल (चिकटवायचं चिन्ह) लावूनही ते आपलं नॅट होणार नाही. मिगचंही तसंच: एफएल, एम, बिस ही वेगवेगळी रूपं आहेत, आणि पाठीवरच्या कण्याची जाडीही सगळ्यांची सारखी नाही.

माझी स्वतःची वाट पहिली दोन विमानं १/४८मध्ये, मग कायमचं १/७२, अशी झाली. मोठ्या मापात हात बसला, लहान मापात संग्रह वाढला. अपवाद एकच: लोहगावच्या धावपट्टीवरून उठणारी सुखोई पाहून आल्यावर भावनेच्या भरात १/४८चं खोकं मागवलं होतं. ते अजून माळ्यावर आहे, सील न फोडलेलं. आधी कपाटाची खोली मोजायला हवी होती.