सुरक्षित वाट सुचवणारे ॲप : काही महिन्यांच्या वापरानंतर

रत्नागिरीत बंदराकडच्या उतारावर राहून पहाटेच्या पाळीला पायी जाणाऱ्या बाईने हे ॲप घ्यावे का, असे कोणी विचारले तर मी ‘घ्यावे, पण ते वाटांना सुरक्षित-असुरक्षित म्हणून जे रंग देते त्यांवर विसंबू नये’ असे सांगेन. दिवे कुठे आहेत आणि पदपथ कुठे संपतो, हे ते बऱ्यापैकी अचूक दाखवते. मात्र ही माहिती उन्हाळ्यात गोळा केलेली असावी, कारण जांभ्याच्या ज्या पाखाडीवरून ते मला खुशाल पाठवते, तिच्या पायऱ्यांवर श्रावणात शेवाळ धरते आणि खांबावरचा दिवा फणसाच्या फांद्यांत बुडून जातो.

खरा आक्षेप मच्छीमार वस्तीबद्दल आहे. नकाशावर ती लाल, म्हणजे असुरक्षित आहे. पहाटे तिथे बायका मासळीच्या पाट्यांत बर्फ भरत, पहिली एसटी गाठायच्या घाईत मोठमोठ्याने बोलत असतात. अनोळखी पुरुष रेंगाळला, तर ‘कोणाकडे आलास?’ असे तिघीजणी विचारतात. ॲप मात्र मला वळसा घालून झगझगीत, पण निर्मनुष्य रस्त्याने नेते. वस्तीला लाल रंग देणाऱ्यांपैकी कितीजण त्या वेळी तिथून चालले असतील? वासाची, लुंगीची, वेगळ्या बोलीची धास्ती सुरक्षिततेच्या गुणांत मिसळली, की ती मोजमापासारखी दिसू लागते.

गुन्ह्यांची आकडेवारी पाहून पादचाऱ्यांना वाट सुचवणाऱ्या पद्धतीचे पेटंट मायक्रोसॉफ्टला २०१२ मध्ये मिळाले, तेव्हाही गरीब वस्त्या टाळण्याचे साधन म्हणून त्यावर टीका झाली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आलेल्या स्केचफॅक्टर या अशाच ॲपवर तर वंशभेदाचा आरोप झाला. आपल्याकडे २०१३ मध्ये सुरू झालेल्या सेफ्टीपिन या ॲपने प्रकाश, वर्दळ, पदपथ, स्त्रियांची उपस्थिती असे निकष वेगवेगळे ठेवले आणि ‘सुरक्षित वाटणे’ हा त्यांतला केवळ एक मानला. ही रीत मला अधिक प्रामाणिक वाटते.

मी कुठे आहे ते घरी दिसत असल्याने सासूबाई निर्धास्त झाल्या, हे मान्य. पण वस्तीतून गेले की धाकट्या दिरांचा फोन येतो, ‘वहिनी, ॲपने सांगितलेला रस्ता का सोडलात?’ उद्या काही झालेच, तर हाच प्रश्न चौकीतही विचारला जाईल आणि बंद दिव्याचा दोष तो न लावणाऱ्यांवरून घसरून माझ्या चपलांवर येईल.

पाचपैकी तीन तारे. वाटेला रंग कोणी, कोणत्या वेळी आणि कशामुळे दिला, हे तिथेच दिसू लागले तर चौथाही देईन. तोवर दिव्यांची माहिती चालू आणि वाटेचा सल्ला बंद ठेवून मी ते वापरते आहे.