शिबिर विकणारा एक, मुलं सांभाळणारा भलताच: उन्हाळी निवासी शिबिरांत पालक कसे फसतात

परीक्षा संपायच्या आतच मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवासी शिबिरांची पत्रकं फिरायला लागतात. पाच रात्री, सहा दिवस. वारली चित्रकला, मातीकाम, नाट्य, पक्षिनिरीक्षण, रॅपलिंग (दोराने कडा उतरणं), शेकोटी. जागा कर्जत, मुरबाड, शहापूर, नाहीतर कोलाड. यातली बरीच शिबिरं प्रामाणिक असतात. पण ज्यांच्याकडे ना जागा, ना माणसं, ना सामान, नुसतं इन्स्टाग्रामचं पान आणि क्यूआर कोड आहे, अशी मंडळीही या धंद्यात घुसली आहेत. उपनगरातल्या काही पालकांना गेल्या उन्हाळ्यात अशांनीच टोपी घातली. बस वेळेवर आली, मुलं गेली आणि सुखरूप परतलीही, त्यामुळे आपण फसलोय हे कळायलाच आठवडा गेला.

एका मुलामागे 7,500 रुपये घेतले होते. मुरबाडकडच्या जागामालकाशी मात्र राहणं-जेवण मिळून दिवसाला 500 रुपयांवर सौदा झाला होता आणि त्याच्या हातावर टेकवला होता तो निव्वळ बयाणा. उरलेले पैसे येईनात, तेव्हा मालकाने तंबू आणि डॉर्मिटरी दुसऱ्या ग्रुपला देऊन टाकली. या चाळीसेक मुलांच्या वाट्याला लग्नाचा हॉल आणि दोन संडास आले. पाणी टँकरचं, तेही एक दिवसाआड. ताई-दादा म्हणून जी पोरं होती ती कॉलेजची, दोन दिवस आधी रोजावर गोळा केलेली. वारली चित्रकला म्हणजे झेरॉक्सवरच्या आकृत्या रंगवणं. नाट्य म्हणजे डीजे. रॅपलिंग ‘वारा फार आहे’ म्हणून रद्द. पक्षिनिरीक्षण सकाळी साडेनऊला. मे महिन्यात त्या वेळेला पक्षी सोडा, कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. इकडे पालकांच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी हसऱ्या मुलांचे फोटो पडत होते. मुलांचे मोबाइल पहिल्याच दिवशी काढून घेतलेले, त्यामुळे खरी हकीकत घरी आल्यावरच कळली.

पैशांचं गणित आधी मांडलं असतं, तर 7,500 च्या आकड्यावरच शंका आली असती. चाळीस मुलांच्या चांगल्या शिबिराला राहणं, चार वेळचं खाणं आणि पाणी धरून एका मुलामागे दिवसाला साधारण हजार रुपये लागतात. पाच दिवसांचे पाच हजार. बसच्या दोन फेऱ्या वाटून सहाशे-सातशे. आठ प्रशिक्षक सहा दिवस, रोजचे दीड हजार धरले तरी 72,000, म्हणजे डोईमागे 1,800. त्यावर कलेचं सामान, विमा, औषधं. आयोजकाच्या हाती काही उरायच्या आतच आकडा साडेसात-आठ हजारांवर जातो. म्हणून 4,999 रुपयांत ‘एसी रूम, राफ्टिंग, घोडेस्वारी, सगळं आलं’ असं पत्रक दिसलं, की कशाला तरी कात्री लागणार हे नक्की. पहिली कात्री प्रशिक्षकांना लागते, दुसरी पाण्याला. शहापूर तालुक्यातली धरणं मुंबईची तहान भागवतात आणि तिथल्याच गावांत मे महिन्यात टँकर फिरतात. पाण्याची साठवण किती आणि टँकर कोण आणतो, हे विचारायलाच हवं.

पत्रक सह्याद्री ओळखणाऱ्या माणसाला दाखवा, खोटेपणा तिथेच उघडा पडतो. शिबिर मे महिन्याचं आणि फोटोत हिरवेगार डोंगर, दुथडी भरलेला धबधबा? धबधबा रॅपलिंग पावसाळ्यातलं. मे महिन्यात तिथे कोरडा कातळ असतो. काजवे दिसतात साधारण मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत. एप्रिलच्या शिबिरात ‘काजवा महोत्सव’ निघूच शकत नाही. आकाशदर्शनाची रात्र पौर्णिमेच्या आसपास ठेवली असेल, तर आखणाऱ्याने दुर्बीण कधी लावलेलीच नाही. कोलाडचं राफ्टिंग कुंडलिकेत सोडलेल्या धरणाच्या पाण्यावर, सकाळच्या ठरावीक वेळेत चालतं आणि वयाची अट साधारण 14 वर्षांची असते. नऊ वर्षांच्या मुलाला ‘दुपारी राफ्टिंग’ सांगणाऱ्याने नदी फोटोतच पाहिली आहे. फोटो गूगल लेन्सवर टाकले तर बहुतेक वेळा दुसऱ्याच संस्थेच्या पानावर सापडतात.

‘शासनमान्य संस्था’ ही ओळ बघून पालक निर्धास्त होतात. मागे असतो गुमास्ता परवाना किंवा उद्यम नोंदणी. ही दोन्ही दुकानदारीची कागदपत्रं. मुलांना दोरावर लटकवायला किंवा पाण्यात उतरवायला त्यांचा उपयोग शून्य. साहसी खेळ घेणाऱ्यासाठी राज्याचं 2021 चं साहसी पर्यटन धोरण आहे आणि त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. तेच प्रमाणपत्र मागा. नाव कुणाचं, कुठल्या उपक्रमांसाठी, मुदत कधीपर्यंत, हे तिन्ही वाचा. बऱ्याचदा ते जागामालकाच्या नावावर असतं आणि विकणारा ते आपलं म्हणून दाखवतो.

पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर त्याचं सहावं अक्षर पाहा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे या क्रमांकातलं सहावं, ‘पी’ असेल तर खातं एका व्यक्तीचं आहे. ‘टी’ म्हणजे ट्रस्ट, ‘सी’ म्हणजे कंपनी. नाव ‘अमुक प्रतिष्ठान’ आणि अक्षर ‘पी’, तर प्रतिष्ठान कागदावरसुद्धा नाही. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक द्यायला त्यांना अडचण नसते. छोट्या आयोजकाकडे जीएसटी नसणं मात्र गुन्हा नव्हे. 20 लाखांच्या आतल्या सेवा उलाढालीला ती नोंदणी सक्तीची नाही. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. ते संस्थेचं नसेल तर हात आखडता घ्या, मग समोरचा ‘शेवटच्या चारच जागा’ म्हणून कितीही घाई करो.

प्रशिक्षकांबाबत ‘सर्टिफाइड आहेत’ एवढ्यावर भागवू नका. उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेतून बेसिक कोर्स केलेला मुलगा स्वतः चढायला शिकलेला असतो, शिकवायला नव्हे. त्यासाठी मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन हा वेगळा कोर्स आहे. निदान रॅपलिंगचा प्रमुख तरी तो केलेला हवा. लहान मुलांच्या अंगावरचा हार्नेस (दोर अडकवायचा पट्ट्यांचा साज) लहान मापाचा आहे का, हेही विचारा: मोठ्यांचा हार्नेस गाठी मारून आवळला, तरी मूल उलटं झालं की कमरेतून सरकू शकतं. मुख्य दोराबरोबर वेगळ्या अँकरला (दोर बांधायच्या पक्क्या आधाराला) बांधलेला दुसरा सुरक्षा दोर असतो का आणि तो कोण धरतं? जाणकार माणूस याचं उत्तर एका दमात देतो. नुसता विकणारा ‘सेफ्टी आमची पहिली प्रायॉरिटी’ म्हणतो.

तसंच रात्रीचं. मुलींच्या डॉर्मिटरीत कोणत्या ताई झोपणार, त्यांची नावं काय, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? सर्पदंशावरचं प्रतिविष मिळणारं जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, रात्री गाडी जागेवर उभी असते का? बस पिवळ्या नंबरप्लेटची असावी. तिचा क्रमांक आदल्या दिवशी मागून एमपरिवहन ॲपवर फिटनेस आणि विमा पाहता येतो.

पण सगळ्यांत जास्त कामाला येतो तो एक फोन, आणि नेमका तोच कुणी करत नाही. जागेचं नाव मिळालं की नंबर आयोजकाकडून घेऊ नका, गूगल मॅप्सवरून शोधा आणि मालकालाच विचारा: ‘या तारखांना बुकिंग कुणाच्या नावावर आहे, किती मुलांचं, डॉर्मिटरीचं की हॉलचं, आणि पैसे किती आलेत?’ पैशाचा आकडा मालक सांगणार नाही कदाचित, पण ‘अहो, त्यांचं अजून पक्कं नाही’ हे वाक्य तो सहज बोलून जातो. आयोजक जागेचं नावच सांगत नसेल, ‘दोन दिवस आधी ग्रुपवर टाकू’ म्हणत असेल, तर पुढची चौकशी करायची गरज नाही.

पैसे गेले असतील आणि फोन बंद झाला असेल, तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आले तरच परत मिळायची आशा असते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) हाताशी ठेवा. पत्रक आणि चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, कारण ग्रुप डिलीट व्हायला वेळ लागत नाही. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ असं ऐकायला मिळतं. तेव्हा एकट्याने जाऊ नका. तेच पत्रक, तेच खाते, अनेक पालक, असं मांडलं की सुरुवातीपासूनच फसवायचा इरादा होता हे दिसतं. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 त्यासाठीच आहे.

शिबिर झालं पण सांगितल्यातलं काहीच दिलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते. मुरबाडच्या शिबिरासाठी बोरिवलीच्या पालकाने ठाणे जिल्ह्यात खेटे घालायचं कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. ‘दिवाळीच्या शिबिरात ॲडजस्ट करून देतो’ हे आमिष मुदत खाण्यासाठी असतं, त्याला लेखी नकार द्या. ‘अपघाताची जबाबदारी संस्थेची नाही’ अशा बाँडवर सही झाली असली, तरी हलगर्जीची जबाबदारी त्याने टळत नाही. आयोगाच्या परवानगीने अनेक पालकांना मिळून एकच तक्रारही करता येते. त्या तक्रारीत पत्रकावरची संस्था, ज्याच्या खात्यात पैसे गेले ती व्यक्ती आणि जागामालक, तिघांनाही विरुद्ध पक्ष करा. नाहीतर सुनावणीला प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.