हळू पळायचंय? मग ठोके मनगटावर मोजायचे की छातीवर

"मामा, घड्याळ ठोके दाखवतंच आहे, मग वर छातीला पट्टा कशाला बांधायचा?" परवा भाच्याने विचारलं. त्याचा प्रश्न रास्त आहे. मी आधी नऊ महिने नुसत्या मनगटी घड्याळावर पळलो आणि गेलं दीड वर्ष पट्टा बांधून पळतोय. तेव्हा दोन्हींबद्दल अनुभवाचं बोलू शकतो.

वयाच्या ५२व्या वर्षी रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा मी अमेरिकन प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांचं सूत्र धरलं: पळताना हृदयाचे ठोके मिनिटाला १८० वजा वय, याच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. माझे झाले १२८. ठोके त्यावर गेले की चालायचं, उतरले की पुन्हा पळायचं. पहिल्या महिन्यात एका किलोमीटरला साडेनऊ मिनिटं लागायची आणि मन खट्टू व्हायचं. मार्क अ‍ॅलन या अमेरिकन खेळाडूने याच पद्धतीने वर्षानुवर्षं संयमाने सराव केला आणि १९८९ ते १९९५ या काळात हवाईची आयर्नमॅन स्पर्धा (पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ) सहा वेळा जिंकली, हे वाचलं होतं. त्याचा मोठा आधार वाटला.

पण या पद्धतीचा सगळा डोलारा एका आकड्यावर उभा आहे. तो आकडाच चुकला, तर?

रत्नागिरीत मी ओहोटीच्या वेळी भाट्याच्या किनाऱ्यावर पळतो. पाणी मागे गेलं की ओली वाळू घट्ट होते, पाय रुतत नाही. पूल ओलांडून खाली उतरायचं आणि झरी विनायकापर्यंत जाऊन परत यायचं. पहिली दहा मिनिटं घड्याळ ११८, १२१ असं शहाण्यासारखं दाखवायचं आणि मग एकदम १६४. मी मुकाट्याने चालायला लागायचो. आकडा उतरायचा. पळायला लागलो की मिनिटभरात पुन्हा १६२. असे तीन आठवडे गेले. मला वाटलं, हृदयातच काही बिघाड आहे. रात्री झोप लागेना.

खटकत एवढंच होतं की दम लागत नव्हता. पळता पळता एकोणतीसचा पाढा न अडखळता म्हणता येत होता, आणि खरोखर १६४ ठोके पडत असते तर मला तो तिसऱ्या ओळीतच सोडावा लागला असता. शेवटी एका सकाळी सुरूच्या बनापाशी थांबलो, लगेच मानेवर दोन बोटं ठेवली आणि १५ सेकंद मोजले. ३१ ठोके, म्हणजे मिनिटाला १२४. थांबल्यावर थोडे उतरले असतील असं धरलं, तरी घड्याळावरच्या १६३शी त्याचा मेळ बसेना. मग पुन्हा पळायला लागलो आणि उजवं पाऊल किती वेळा टेकतं ते मोजलं. ३० सेकंदांत ४१. दोन्ही पायांची मिळून मिनिटाला १६४ पावलं! घड्याळ माझी पावलं मोजत होतं आणि ठोके म्हणून दाखवत होतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मनगटी घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकतं आणि रक्ताच्या लाटेमुळे परत येणारा प्रकाश कसा कमीजास्त होतो त्यावरून ठोके ठरवतं. पळताना हात झुलतो, घड्याळ हलतं, प्रत्येक पावलाला मनगटातलं रक्तही हिंदकळतं. ही लय ठोक्यांच्या लयीपेक्षा ठळक झाली की घड्याळ तिलाच धरतं. वेगात पळणाऱ्याचे ठोके मुळातच १६५च्या आसपास असतात, त्यामुळे त्याला ही चूक कळतही नाही. हळू पळणाऱ्याचे ठोके १२५ आणि पावलं १६४. म्हणजे ज्याला आकड्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो सर्वांत जास्त फसवतो. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो, मनगट कितीही झुलो. थिबा पॅलेसच्या चढावर ठोके वाढले की तेव्हाच दिसतं. माझं घड्याळ चढ संपत आल्यावर सांगायचं, आणि तोवर मर्यादा ओलांडून झालेली असायची.

पट्ट्याचा त्रास नाही असं नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो वाळत नाही. दोरीवर दोन दिवस टाकला तरी ओलाच, आणि वास येतो तो वेगळा. घामाचं मीठ साचू नये म्हणून प्रत्येक वेळी नळाखाली धुवायचा, वरची डबी काढून पुसायची, पट्टा पंख्याखाली टाकायचा. हिवाळ्याच्या सकाळी अंग कोरडं असतं, तेव्हा आतली बाजू पाण्याने भिजवली नाही तर सुरुवातीला काहीही आकडे येतात. छातीखाली कधी कधी घासतं. माझ्या बहिणीला पट्टा नकोसा झाला, ती दंडावर बांधायचा बँड वापरते. तोही प्रकाशावरच चालतो, पण दंड मनगटाइतका झटकला जात नाही. तिला तो चांगला लागू पडलाय.

घड्याळाला मी टाकाऊ म्हणणार नाही. झोपेतले ठोके, सकाळची नाडी, नुसतं चालणं, यासाठी ते उत्तम, आणि तिथे पट्टा कोण बांधून बसणार? मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधलं तर पळतानाही बरंच सुधारतं. काहींच्या हातावर ते नीट चालतही असेल. म्हणून आधी मानेवर बोटं ठेवून दोन-चार दिवस पडताळा घ्या. जुळत असेल तर खर्च कशाला? नाही जुळलं, तर घड्याळ तेच ठेवून त्याला पट्टा जोडता येतो का ते बघा. माझं जोडता आलं.

दोन गोष्टी मात्र कुठल्याच साधनाच्या हातात नाहीत. ऑक्टोबरच्या उकाड्यात घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे धावतं आणि त्याच वेगाला ठोके वाढतात. तो आकडा खरा असतो, त्या दिवशी आणखी हळू व्हायचं. आणि ठोके मंदावणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे सूत्र जसंच्या तसं लावू नका, डॉक्टरांना विचारा.

हल्ली मी भाट्याचा तोच पल्ला १२८च्या आत राहून किलोमीटरला पावणेआठ मिनिटांनी करतो. भाचा रविवारी येतोय, सकाळी ओहोटी आहे. त्याचं घड्याळ त्याच्या हातात राहू दे, माझा पट्टा त्याच्या छातीला बांधणार आहे, आणि परतताना सुरूच्या बनापाशी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघणार आहोत.